हळदीच्या दिवशी कापलेले फोन

लग्नाच्या आठवड्यात आमच्या घरातला टीव्ही बंद झाला. बिघडला नव्हता. माझ्या मोठ्या दिरांनी, माझ्या नवऱ्यासकट सगळं घर ज्यांचं ऐकतं त्यांनी, मागची वायर काढून कपाटात ठेवली आणि वर सांगितलं की मांडवाच्या लायटिंगचा लोड आहे, उगाच शॉर्टसर्किट नको. पेपरवाल्यालाही त्यांनी नाक्यावरच गाठून लग्न होईपर्यंत येऊ नको म्हणून सांगितलं. मी काय दूधखुळी आहे? कोन गावातल्या या घरात लग्न होऊन आले, मुलगी लग्नाची झाली, अजून मला कळू नये कोणती वायर कशासाठी निघते?

माझा धाकटा भाऊ, म्हणजे नवरीचा सख्खा मामा, तेव्हा दूर एका देशात युद्धावर होता. लढायला नव्हे, लिहायला. इथल्या एका मराठी वर्तमानपत्राला तो तिथून बातम्या पाठवायचा. फोनची वाट बघत बसू नकोस, पेपरात माझं नाव दिसलं की मी आहे असं समज, हे तो प्रत्येक वेळी जाताना सांगायचा. त्यामुळे मी रोज सकाळी आधी त्याचं नाव बघायचे आणि मग चहाचं आधण ठेवायचे. आता लग्न तोंडावर आलेलं आणि त्याचं नाव यायचंच थांबलं. त्याचा मोबाईल लागेना. वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला, तर तिथला माणूस फारच अदबीने बोलला. संपर्क तुटलाय, आमचे प्रयत्न चालू आहेत, तुम्ही अजिबात काळजी करू नका. पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर माल चढवता-उतरवता माझी उमर गेली. माल हरवलेला असला की समोरचा माणूस असाच गोड बोलतो.

आई-वडील आमचे कधीच गेले. त्याने लग्न केलं नाही. त्याला मी आणि मला तो, एवढंच माहेर उरलेलं.

आणि आमच्याकडे मामाशिवाय लग्नाचं पान हलत नाही. नवरीची पिवळी साडी मामाने आणायची, तिला हाताला धरून मामाने मांडवात आणायचं, अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी मामाने उभं राहायचं. साडी तो जाण्याआधीच माझ्याकडे देऊन गेला होता. म्हणाला, वेळेवर येतोच, पण माझं काही खरं नसतं, ही तरी पोचलेली बरी. मी त्याला तेव्हा चांगलंच फैलावर घेतलं होतं. अशुभ बोलायची त्याला खोडच होती.

मामाचं बरंवाईट झालं तर सुतक येणार. ते कोणाला किती दिवसांचं, भाचीला किती आणि लग्न झालेल्या बहिणीला किती, यावर घरातल्या जाणत्यांचं एकमत नव्हतं. पण सुतक कळलं की लागतं आणि कळेपर्यंत लागत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून तर टीव्हीची वायर कपाटात गेली. दिरांनी मला मागच्या पडवीत बोलावलं आणि मान खाली घालून म्हणाले, "बाय, आता कुनाला फोन फिरवू नको. पोरीची हळद लागू दे, अक्षता पडू दे. मंग आपन दोघं जाऊ, काय हाय काय न्हाय ते बघू."

मला संताप आला. माझा भाऊ जिवंत आहे की नाही हे विचारायचं नाही, का, तर मांडव घातलाय म्हणून? पण माझी मुलगी आत मैत्रिणींमध्ये बसून मेंदी काढून घेत होती, तिचा हसण्याचा आवाज पडवीपर्यंत येत होता. दिरांचं म्हणणं मला पटलं होतं, आणि पटलं याचीच मला जास्त चीड आली.

चीड यायला कारण होतं. माझा भाऊ काय चीज आहे ते मला माहीत होतं ना.

आम्ही नारपोलीत वाढलो, कापड विणायच्या लूमच्या कारखान्यामागच्या एका खोलीत. बाबा त्याच कारखान्यात लूम चालवायचे. भाऊ बीए झाला आणि कादंबरी लिहायची म्हणून स्वतः लूमवर कामाला लागला. कामगार हसायचे, कायको साब, पढ़-लिखके इधर? त्याने ड्युट्या केल्या, हात कापून घेतला, धागे ओढले, आणि मग लिहायला बसला. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हा त्याचा नेम. आई गेली त्या दिवशी शेजारणीने आपल्याला काय जेवायला दिलं होतं, असं तो मला भर दुपारी गोडाऊनवर फोन करून विचारायचा. मी म्हणायचे, अरे काहीतरी लिही, वरणभात लिही, कोण बघायला आलंय? तो लिहायचा नाही. मला आठवेपर्यंत त्याचं पान अडून राहायचं. शेवटी आठवलं, खिचडा होता, गहू-डाळ-मटणाचा. तेव्हा कुठे त्याला हायसं वाटलं.

त्याचं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून टाईप करायचं काम माझ्याकडे. पहिल्याच कादंबरीत बाबांचं मरण होतं. बाबा छातीच्या आजाराने गेले. शेवटी शेवटी ते आम्हाला शिव्या द्यायचे, तंबाखूसाठी हात जोडायचे, अंथरूण खराब करायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून रडायचे. हे सगळं त्याने जसंच्या तसं लिहिलं होतं. वाससुद्धा सोडला नव्हता. मी त्या पानावर थांबले. म्हटलं, एवढं गाळ, लोकांना काय करायचंय आपल्या बापाच्या अंथरुणाशी? थोडं नरम तरी कर.

"ताई, बाबा असेच गेले," तो म्हणाला. "नरम केलं तर ते दुसऱ्याच कुणाचं मरण होईल."

मी कितीतरी दिवस ते पान टाईप केलं नाही. मग केलं, नाक पुसत पुसत. पुस्तक आलं आणि नातेवाईक आमच्यावर तुटून पडले. पोराने बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणाले. एक दिवस कारखान्याचे शेठ पुस्तक काखेत मारून दारात उभे राहिले. कोकणी मुसलमान घराणं, मराठी शाळेत शिकलेले, बाबांना पगार देणारे. आता हे काय बोलतात म्हणून मी घाईघाईने पाणी आणायला गेले. ते खाटेवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले की आमचे अब्बा पण अगदी असेच गेले, पण आमच्या घरात आजपर्यंत ते कोणी तोंडातून काढलेलं नाही. भाऊ त्यांच्या बाजूला बसला होता. मला मात्र त्याच्यावरचा राग काही सोडता आला नाही. बापाचं ते पान आजही मी ओलांडून पुढे जाते.

त्याच पुस्तकामुळे त्याला युद्धावर धाडायला लागले. संपादकाला वाटलं, हा माणूस बघेल तेच लिहील. त्याच्या बातम्यांत विमानं, रणगाडे फारसे नसायचेच. पाण्याच्या रांगेत कोण कोणाशी भांडलं, तळघरात म्हातारीने चूल कशी पेटवली, असलं असायचं. परत आला की तो थेट आमच्याकडे कोनला यायचा, तांदळाची भाकरी आणि सुकट खायचा आणि दोन दिवस झोपून काढायचा. दिरांचा त्याच्यावर फार जीव. तो झोपला की ते अंगणातल्या पोरांना गप्प बसवायचे.

असा माणूस. ज्याने जन्मभर कोणाला काही झाकू दिलं नाही. आणि त्याच्याच बाबतीत आम्ही घरादाराचे डोळे मिटून बसलो होतो.

हळदीच्या दिवशी सकाळीच दिरांनी माझा मोबाईल मागून घेतला. मंडपवाला, डीजेवाला, भातवाला, सगळ्यांचे फोन मी बघतो, तू पोरीकडे बघ, म्हणाले. मी दिला. दिवसभर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तरी डोकं ठिकाणावर नव्हतं. कोणी दारात जोरात बोललं की हातातलं काम थांबायचं. अनोळखी माणूस गाडीतून उतरला की वाटायचं, आला, हाच सांगायला आलाय. एकदा तर बर्फवाल्याला बघून मी हातातली परात टाकली. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी धवलारीण दुपारपासूनच येऊन बसली होती. तिने प्रथेप्रमाणे मामाला हाक मारणारं गाणं घ्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं, आणि ते गाणं सोडून पुढचं घेतलं. म्हणजे तिच्याही कानावर गेलं होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

उन्हं कलली तशी मुलीला पाटावर बसवलं. सवाशिणी एकेक करून हळद लावत होत्या. मी हळदीची वाटी घेऊन उभी होते आणि माझी नजर सहज मांडवाच्या कडेला गेली. दिरांनी खिशातून माझा मोबाईल काढला. बघितला. अंगठ्याने काहीतरी केलं आणि परत खिशात टाकला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. काढला, बघितला, खिशात टाकला. भातवाल्याचा फोन असता तर त्यांनी घेतला असता, ओरडले असते. तिसऱ्यांदा त्यांनी मोबाईल काढला तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाठ केली, ते मला इतक्या लांबून दिसलं.

मी वाटी शेजारणीच्या हातात दिली आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. कोणाचा फोन होता, विचारलं. ते मंडपवाल्याचं काहीतरी बोलायला लागले. मी हात पुढे केला. मोठ्या दिरांपुढे मी असा हात कधी केला नव्हता, गावात कोणी करत नाही. त्यांनी मुकाट्याने मोबाईल हातावर ठेवला.

परदेशातला नंबर होता. सकाळपासूनचा. खाली, आणखी खाली, तोच नंबर, सगळे कापलेले.

"न्हाय उचलला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "उचलला आसता तं कळला आसता ना, बाय. तिकडच्या सरकारचा नंबर आसंल. आनखी कोन एवढे फोन करील?"

मला त्यांच्यावर ओरडता येईना. मी मोबाईल घेऊन मागच्या पडवीत गेले, जिथे तांदळाच्या गोणी रचल्या होत्या. ते माझ्या मागे आले आणि लांब उभे राहिले. मी तो नंबर लावणार होते. खरंच लावणार होते. तेवढ्यात तो स्वतःच वाजला.

आता खरं सांगते. इतके दिवस विचारू द्या, कळू द्या म्हणून आतल्या आत धुमसणारी मी, त्या वाजणाऱ्या फोनकडे नुसती बघत राहिले. पुढे मांडवात माझी लेक हळदीने पिवळी होऊन बसलेली. चुलाणावर गावभराचा भात चढलेला. मी उचलला आणि तिकडचा माणूस म्हणाला की असं असं झालं, तर पुढे जाऊन तिला पाटावरून उठवायचं मलाच. आणि नाही उचलला तर? तर माझा भाऊ अजून उद्यापर्यंत होता. परवापर्यंत होता. फोन वाजून वाजून थांबला.

मी दिरांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, बाबा पडून असायचे तसे. मला एकदम ते पान आठवलं. बाबा असेच गेले, ताई.

फोन परत वाजला. मी बोट फिरवलं तर उचलला जाईना, बोटं हळदीने ओली. लुगड्याला पुसली, पुन्हा फिरवलं, तरी नाही. शेवटी कोपराजवळ हात घासला आणि करंगळीने उचलला.

"काय गं, लग्नात सगळे बहिरे झालात का?" तिकडून आवाज आला. "सकाळपासून फोन करतोय. तू कापतेस काय?"

त्याचाच आवाज. चिडलेला, घसा बसलेला, पण त्याचा. माझ्या तोंडात 'मेल्या' आलं होतं, ते मी गिळलं. मी गोणीवर बसले आणि रडायला लागले. रडता रडताच त्याला झापत होते, तुझा फोन कुठाय, तुझं नाव कुठाय पेपरात, इथे आमचा जीव टांगणीला लागलाय आणि तू. तो ऐकून घेत होता. त्याने सांगितलं की त्याचा मोबाईल आणि लॅपटॉप गाडीबरोबर जळाले. तिकडे आठवडाभर इंटरनेट नाही, मध्येच कधी फोन लागतो. कचेरीचा नंबर पाठ नाही, जन्मात एकच नंबर पाठ आहे, माझा. तो एका तळघरात आहे, हाताला भाजलंय, बाकी धड आहे. लग्नाला काही येता येणार नाही.

मी दिरांकडे बघून मान हलवली. "हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हाय. ते तिथेच जमिनीवर बसले आणि पंचा तोंडावर घेतला.

आता सगळं झालं असं मला वाटलं. मी भावाला म्हटलं, थांब, पोरीला देते, दोन शब्द बोल तिच्याशी. तर तो म्हणाला, नको, आधी ऐक.

"हा फोन माझा नाही, ताई. माझ्या दुभाष्याचा आहे." हा तिथला पोरगा भावाची गाडीही चालवायचा, मागच्या खेपेला भावाने त्याचा फोटो मला पाठवला होता. "तो गेला. परवा. माझी पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून उतरला होता."

मांडवात डीजे सुरू झाला होता, मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"त्याच्या आईचा फोन येतो सारखा," तो म्हणाला. "स्क्रीनवर त्यांच्या लिपीत 'आई' असं दिसतं, तेवढं मला वाचता येतं. तिचा येतो, मी कापतो. मग तुला लावतो. तू कापतेस. सकाळपासून हेच चाललंय."

इतकी वर्षं तो युद्धावर जातोय, पण त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लहानपणी लूमच्या पट्ट्यात शर्ट अडकला होता तेव्हा तो असा बोलला होता, हळू, एकेक शब्द. मला त्याला म्हणावंसं वाटलं, नको उचलूस. कोणीतरी दुसरा सांगेल. त्यांचं सरकार सांगेल. तू अंगावर कशाला घेतोस? मोठी बहीण हेच म्हणणार. आणि माझ्या समोर जमिनीवर माझे दीर बसले होते, दिवसभर फोन कापून कापून थकलेले.

"तुला त्यांची भाषा येते?" मी विचारलं.

"चार वाक्यं येतात."

"गेला, हे सांगता येतं?"

"येतं. तेच आधी शिकावं लागलं."

"मग माझा ठेव," मी म्हटलं, "आणि तिचा उचल."

त्याने विचारलं की सांगू काय तिला, बाटलीचंही सांगू का. हा प्रश्न त्याने मला जन्मात पहिल्यांदा विचारला, आणि बाबांच्या त्या पानावर मी त्याला गाळ म्हणून सांगितलेलं होतं.

"बाटलीचंही सांग," मी म्हटलं. "जसं झालं तसं सांग. फक्त हळू सांग."

त्याने फोन ठेवला.

मी तोंड धुतलं आणि मांडवात आले. मुलगी पाटावरून मान वर करून माझ्याकडेच बघत होती. तिलाही सगळं माहीत होतं तर, आणि तीही आमच्यासाठी हसत बसली होती. मी तिच्या गालाला हळद लावली आणि कानात सांगितलं, मामा हाय. तिने माझा हात घट्ट धरला आणि सोडेचना. धवलारिणीला काय समजायचं ते समजलं असावं, तिने ते मामाचं गाणं घेतलं. दीर तोंड धुऊन आले आणि बायकांच्या मध्येच उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

पण मला चैन पडेना. मी पुन्हा मागे गेले आणि तो नंबर लावला. लाईन बिझी होती. कापला तर तो आवाज वेगळा असतो, दिवसभरात मला तेवढं कळायला लागलं होतं. हा बोलणं चालू असल्याचा होता. मी थांबून पुन्हा लावला. तरी बिझी. पुढे माझ्या नावाने हाका चालल्या होत्या, हळद संपत आली होती, आणि मी फोन कानाला लावून गोणीपाशी उभी होते. तिकडे त्या बाईला आत्ता कळत होतं.